उपासच की!

“सगळ्यात खालची ओळ वाचा, भोपळे.”

“खालची म्हंजे पाचवी न्हवं?”

“सातवी.”

मी डोळे बारीक केले, मोठे केले, एक मिटून बघितलं, दुसरा मिटून बघितलं. तक्त्यावर पाचच ओळी होत्या. पाचवीतलं अक्षर ‘ग’ आहे का ‘म’, तेही मी अंदाजानंच ठोकलेलं. एकोणतीस वर्षं एसटीचं चाक हातात होतं माझ्या. पाटगावच्या वळणावर म्हैस बसली असली तर ती कुणाची, हे मी लांबूनच सांगायचो. आणि आता दोन ओळीच्या दोन ओळी गायब!

एसटीच्या डॉक्टरनी तक्ता बाजूला सारला. बोट टोचलं, रक्त घेतलं आणि कागदावर खरडलं. डॉक्टर गप्प बसला की समजायचं, आपलं काही खरं नाही.

दोन दिवसांनी डेपो मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

“भोपळे, साखर उपाशीपोटी दोनशे ऐंशी आहे. नजर ही अशी. तुम्हाला चाक देता येत नाही.”

“साहेब, पंधरा महिने राहिलेत माझे.”

“माहीत आहे. म्हणून तर चार महिन्यांची मुदत दिलीय. चार महिन्यांनी परत तपासणी. पास झालात तर तुमची पाटगावची गाडी तुम्हाला. नाही झालात तर रिटायर होईपर्यंत इथंच काम करायचं.”

“इथंच म्हंजे कुठं?”

“माईकवर बसा. आवाज खणखणीत आहे तुमचा.”

अशी माझी, हिंदुराव बाबू भोपळे याची, गारगोटीच्या स्टँडवर बोलका पोपट म्हणून नेमणूक झाली. सकाळी सहा ते दुपारी दोन. खिडकीत बसायचं आणि पुकारायचं, ‘पाटगावला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे.’ गाडी माझी, सीटवर दुसराच बसलेला, आणि पुकारायचं मी! पहिल्या दिवशी तर मी मान खाली घालून पुकारलं. माझा कंडक्टर दस्तगीर मुजावर, अकरा वर्षं आम्ही एका गाडीवर काढलेली, तो खिडकीपाशी आला आणि म्हणाला, “भावा, नीट पुकार की. मयताची बातमी सांगितल्यागत काय सांगतोस?”

“मग काय लावणी म्हणू?”

“म्हण की. पण परत ये बाबा. हा नवा गडी असा ब्रेक मारतो, की मी तिकीट फाडायला जातो आणि म्हाताऱ्यांच्या मांडीवर जाऊन बसतो.”

घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती भाकऱ्या थापत होती. मालन तिचं नाव. हात थांबला, परातीतच राहिला. “म्हंजे उद्यापासनं गाडी न्हाई?” एवढंच विचारलं. मी मान हलवली. मला वाटलं, रडेल बिडेल. तर उठली, हात धुतले आणि म्हणाली, “डॉक्टरकडं चला.”

*

आमच्या गावात तेव्हा नाडकर्णी मॅडमचा दवाखाना नवा नवा होता. इरावती नाडकर्णी. वयानं माझ्या थोरल्या लेकीएवढ्या, बोलणं चटचटीत. रिपोर्ट बघितला, माझं वजन केलं, अठ्ठ्याऐंशी भरलं, आणि माझ्या पोटाकडं बघून म्हणाल्या, “काका, आडनाव अगदी शोभतंय.”

मला मॅडम तिथंच आवडल्या.

“नजरेची काळजी करू नका,” त्या म्हणाल्या. “आतून डोळे तपासले, खराबी नाही. साखर इतकी वाढली की डोळ्यातलं भिंग फुगतं, म्हणून धूसर दिसतं. साखर खाली आली की दिसायला लागेल. गोळ्या देते, पण नुसत्या गोळ्यांवर भागायचं नाही. दिवसाला भाकऱ्या किती खाता?”

“लई न्हाई. सकाळी दोन, दुपारी तीन, रात्री तीन.”

“आणि भात?”

“भात काय जेवणात धरायचा?”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “हे बघा. तुमच्या शरीराला आता पिठूळ पदार्थ झेपत नाहीत. गहू, तांदूळ, ज्वारी, सगळ्याची पोटात जाऊन साखरच होते. त्यामुळं काही महिने धान्य बंद. साखर आणि गूळ कायमचे बंद.”

“धान्य बंद?” मी खुर्चीतून उठलोच. “मग मी जगू कशावर?”

मॅडम पुढचं सांगायला लागणार, एवढ्यात मालन हात वर करून म्हणाली, “कळलं मला, मॅडम. धान्याला शिवायचं न्हाई. म्हंजे उपासच की!”

मॅडम हसल्या. “तसंच समजा, काकू.”

बाहेर तोवर कळा आलेली एक बाई ओरडायला लागली. मॅडम पळतच गेल्या. जाताना एक छापील कागद हातात देऊन गेल्या, काय खायचं, काय नाही, तो. कागद इंग्रजीत होता. मालननं तो घरी आल्यावर हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवला.

आता उपास म्हटलं की त्या प्रांतात मालनचा हात कोण धरणार? तिचे उपास मोजायला बसलो तर माझ्या हातापायाची बोटं पुरायची नाहीत. संकष्टी, एकादशी, नवरात्राचे नऊ, आणि सोमवार. सोमवारचा तर कडक. दिवसभर नुसतं पाणी, आणि संध्याकाळी मी ड्यूटीवरून आलो की सोडायचा. मी चेष्टा करायचो, “तुझा म्हादेव माझ्या गाडीच्या टायमानं जेवतो काय गं?” ती म्हणायची, “तुमाला काय करायचंय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ताटात साबुदाण्याची खिचडी आली. तुपात परतलेली, बटाट्याच्या फोडी, वरून खोबरं, शेजारी दही.

“हे चालतं?”

“धान्य हाय काय त्यात?”

“न्हाई.”

“मग खावा गप.”

दुपारी वरीचा भात आणि शेंगदाण्याची आमटी. चार वाजता उकडलेलं रताळं, रात्री बटाट्याची भाजी आणि राजगिऱ्याच्या पुऱ्या. खिशात केळ्याचे वेफर्स, मध्येच भूक लागली तर असावेत म्हणून. तुम्हाला सांगतो, मी इतकी वर्षं उगाच भाकरी खात होतो असं मला वाटायला लागलं. दस्तगीर रोज खिडकीशी येऊन माझ्या डब्यात डोकावायचा.

“भावा, हा कसला रे तुझा उपास? आमच्या रोज्यात दिवसभर पाण्याचा थेंब नसतो, आणि तुझा डबा बघून माझं तोंड सुटलंय!”

“डॉक्टरनी सांगितलंय.”

“मला पण त्या डॉक्टरचा पत्ता दे.”

एक गोष्ट तेवढी मला खटकली. पहिल्याच सोमवारी मी अडीचला घरी आलो तर मालननं दोन ताटं वाढलेली.

“आज सोमवार न्हवं?”

“हाय की.”

“मग तू दुपारचीच जेवायला बसलीस? म्हादेव सुट्टीवर गेला काय?”

“गेलाय,” ती म्हणाली. “बसा आता गप.”

मला वाटलं, सगळं घरच उपासाला लागलंय, त्यात बाई वार विसरली असेल. मी वरीचा दुसरा वाढा घेतला.

*

महिन्यानं तपासणीला गेलो ते छाती काढून. मॅडमनी बोट टोचलं. मशीन बघितलं. मशीन हलवलं. दुसऱ्या बोटाला टोचलं.

“काका, तीनशे वीस.”

“काय?”

“वाढलीय. वजनही दोन किलोनं वाढलंय. खरं सांगा, भात खाताय ना?”

“देवाशप्पथ न्हाई!”

मालनला राग आला. तिच्या राज्यात चोरी झाली म्हणजे काय! “मॅडम, महिना झाला, घरातली ज्वारी मी डब्यात घालून वर टाकलीया. धान्याचा एक कण ह्यांच्या पोटात गेला असंल तर माझं नाव बदला.”

“मग खातात तरी काय?”

“उपासाचं.”

मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या, मग मालनकडं, मग माझ्या हातातल्या पिशवीकडं. “डबा आहे का आत? उघडा बघू.”

मी उघडला. वरच्या डब्यात खिचडी, तुपानं चकचकीत. मधल्यात बटाट्याचा किस. खालच्यात रताळ्याच्या फोडी, आणि त्या गोड लागाव्यात म्हणून मालननं दुधात शिजवलेल्या.

मॅडमनी एक एक डबा बघितला. मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. बघतो तर हसू आवरत नाही! डोळ्यांतून पाणी, टेबलावर डोकं. नर्स धावत आली, तिनं डब्यात बघितलं, ती पण सुरू झाली.

“काकू,” शेवटी मॅडम कशाबशा म्हणाल्या, “अहो, साबुदाणा म्हणजे भाताच्या वरताण! नुसतं पिठूळ. बटाटा तसाच, रताळं तसंच.”

“वरी तरी?”

“तीही.”

“राजगिरा?”

मॅडमनी मान हलवली.

“केळ्याचे वेफर्स?” मी हळूच विचारलं.

“तुम्ही बोलूच नका, काका!”

मलाही हसू यायला लागलं होतं. पण बाजूला बघितलं आणि ते जिथल्या तिथं राहिलं. मालनचा चेहरा उतरला होता. पदर तोंडाला लावलेला.

“म्हंजे मी माझ्या हातानं...” तिनं डोळे टिपले. “चार म्हयन्यातला एक गेला. ह्यांचं चाक मीच घालवलं.”

मी मालनला कधी चारचौघांत हात लावला नव्हता. त्या दिवशी लावला. पाठीवर हात ठेवून म्हणालो, “येडी हायस काय? उलटं मी म्हयनाभर राजासारखा जेवलो.” ती आणखीच रडायला लागली.

मॅडमचं हसू केव्हाच थांबलं होतं. त्या उठून मालनजवळ आल्या. “चूक माझी, काकू. तुम्ही उपास म्हणालात आणि मी ‘तसंच समजा’ म्हणाले. पुरतं सांगायला हवं होतं. आता आपण दोघी नीट बसू. तीन महिने हातात आहेत, पुष्कळ झाले.”

आणि खरंच बसल्या दोघी. बाहेर पेशंटची रांग लागलेली, आणि आत मालन विचारतीय, मॅडम सांगताहेत. मेथी? खुशाल. शेपू? खुशाल. वांगं, भेंडी, कोबी, दोडका? सगळं चालेल. अंडी? चालतील. मटण? चालेल, पण भाकरीशिवाय. दही, ताक, पनीर चालेल. शेंगदाणे मूठभर. उसळ वाटीभर. तेल-तूप बेतानं. गोळ्या मनानं सोडायच्या नाहीत. चक्कर आली, घाम फुटला तर लगेच फोन करायचा आणि दर पंधरा दिवसांनी दाखवायला यायचं.

मालनला लिहिता येत होतं, पण तिनं कागद घेतला नाही. घरी येईपर्यंत ती सगळी यादी तिला पाठ झाली होती.

*

पहिले आठ दिवस कसे काढले, माझं मला ठाऊक. डोकं दुखायचं, अंग मोडून यायचं आणि जळीस्थळी भाकरी दिसायची. मॅडमनी ताकात मीठ घालून प्यायला सांगितलं, त्यावर जरा तग धरला. पण भूक! कोल्हापूरच्या माणसापुढं तांबडा रस्सा ठेवायचा आणि त्यात चुरायला काही द्यायचं नाही, ही काय माणुसकी झाली? मी वाटीकडं बघत बसायचो.

मालननं त्यावर तोड काढली. फ्लॉवर किसणीवर किसला, मोहरी-जिऱ्याची फोडणी दिली, वाफ आणली आणि ताटात मूद पाडून ठेवली.

“ह्यो काय?”

“भात.”

“ह्याला भात म्हनत न्हाईत.”

“समजून खावा.”

“समजून समजून मी किती समजू गं? परवा पनीरला समजलो, काल कोबीला समजलो...”

“सातवी ओळ दिसली म्हंजे समजायचं थांबवा,” ती म्हणाली. आणि तोच फ्लॉवर तिनं आपल्याही ताटात वाढून घेतला. तिला काही झालेलं नव्हतं, पण दोन चुली कोण मांडणार, म्हणून ती पण माझ्याबरोबर तेच खात होती. सोमवारीसुद्धा! दुपारी, माझ्या शेजारी बसून. मी विचारायचं सोडून दिलं. म्हादेवाची सुट्टी लांबली असेल, आपल्याला काय.

खरी परीक्षा स्टँडवर होती. माझ्या खिडकीला लागून कँटीन. सकाळी नऊला पहिला घाणा निघायचा, कटवड्याचा, म्हणजे झणझणीत रश्श्यात बुडवून द्यायच्या बटाटावड्याचा. तो वास असा यायचा की माईक गिळावासा वाटायचा. एका सकाळी मी तसाच नाकानं कँटीनमध्ये आणि तोंडानं माईकवर होतो, आणि सगळ्या स्टँडनं ऐकलं, “प्रवाशांनी लक्ष द्यावे. पाटगावला जाणारा कटवडा फलाट क्रमांक दोनवर लागत आहे.”

मग जो हशा पिकला! एक म्हातारा खालून ओरडला, “रस्सा येगळा मिळंल काय?” दस्तगीर गाडीच्या दारात पोट धरून खालीच बसला. मॅनेजरसाहेब केबिनमधून बाहेर आले, तेही हसत. पुढं महिनाभर त्या गाडीला कुणी पाटगावची गाडी म्हटलंच नाही. “कटवडा गेला काय हो?” म्हणून बाया विचारायच्या.

पण वडा मी खाल्ला नाही. कँटीनवाला म्हणाला, “एक खा, एकानं काय होतंय?” मी म्हटलं, बाबा, माझी बायको एकदा रडलीय, पुन्हा नाही.

आणि मग हळूहळू अंगात काहीतरी फिरलं. आधी पट्टा एक भोक आत गेला, मग दोन. रात्री पाच वेळा उठायचो, ते एकावर आलं. दुपारी जेवून बसलो की डोळ्यावर झापड यायची, ती येईना. जिना चढताना गुडघे कुरकुरायचे थांबले. मॅडमनी दोनातली एक गोळी कमी केली, मग दुसरी अर्ध्यावर आणली. दर वेळी मशीन बघून मालनकडं वळायच्या आणि म्हणायच्या, “काकू, आता उपास जमला बरं का.” मालन लाजायची.

तिसरा महिना सरतानाची गोष्ट. मी माईकपाशी बसलो होतो. तोवर कुठली गाडी आली, हे मला कंट्रोलर कानात सांगायचा आणि मी पुकारायचो, कारण लांबची पाटी मला दिसायची नाही. त्या सकाळी फाटकातून एक गाडी आत वळली आणि मी बोलून गेलो, “कोल्हापूर.”

कंट्रोलरनं मान वर केली. “मी अजून सांगितलं कुठं?”

मी परत बघितलं. पाटी. काळ्यावर पांढरं. को, ल्हा, पू, र. चारही अक्षरं, सुटी सुटी. मी नजर फिरवली. समोरच्या भिंतीवर काहीतरी लिहिलेलं होतं, तीन महिने मी ते रंगाचे डाग समजत होतो. मला काय झालं कुणास ठाऊक, माईक सुरूच होता, मी वाचत सुटलो, “येथे थुंकू नये! महिलांसाठी राखीव! शीतल हेअर कटिंग सलून! खिसेकापूंपासून सावध रहा! पिण्याचे पाणी!” सगळं स्टँड माना वर करून बघायला लागलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी वाचत होतो. दस्तगीर पळत पळत खिडकीशी आला.

“भावा, बरा हाईस न्हवं?”

“दस्तगीर, तुझ्या बिल्ल्यावरचा नंबर वाचून दाखवू?”

“वाच.”

वाचला. त्यानं खिडकीतून हात घालून माझी मानच आवळली.

*

फेरतपासणीला तेच डॉक्टर होते, तोच तक्ता.

“सगळ्यात खालची ओळ वाचा, भोपळे.”

मी सातवी ओळ घडाघडा म्हणून दाखवली. डॉक्टर कागदाकडं वळले तेव्हा म्हणालो, “साहेब, त्याच्या खाली छापखान्याचं नाव हाय, ते पण वाचू काय?”

साखर उपाशीपोटी एकशे दहा. साखरेची तीन महिन्यांची सरासरी टक्क्यांत दहाच्या वर होती, ती साडेसहावर आलेली. वजन सत्त्याहत्तर. डॉक्टरनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, “काय केलंत काय?”

“उपास,” मी म्हणालो.

शनिवारी ऑर्डर आली. सोमवारपासून हिंदुराव भोपळे, पाटगाव.

सोमवारी सकाळी दस्तगीर मला न्यायला घरी आला. मालननं माझ्या कपाळाला कुंकू लावलं, डबा दिला, उंबऱ्यापर्यंत आली. नेहमी येते तशीच. मी गाडीत चढलो, चाकावरून हात फिरवला, किल्ली मारली. गाडी घरघरली. माईकवर नवा माणूस होता, त्याला कुणीतरी शिकवून ठेवलेलं. “कटवडा फलाट क्रमांक दोनवरून सुटत आहे!” सगळ्या स्टँडनं टाळ्या वाजवल्या. दस्तगीरनं डबल बेल दिली. वाटेत पोरं हात करत होती, बाया “आलासा काय मामा!” म्हणून विचारत होत्या. वळणावर म्हैस बसली होती. सावंताची. लांबून ओळखली.

दोन खेपा मारून संध्याकाळी सहाला गाडी परत स्टँडमध्ये घातली, तर फाटकाशी मालन उभी! हातात पिशवी. एकोणतीस वर्षांत ती कधी स्टँडवर मला घ्यायला आली नव्हती. गाडी आत वळताना बघितली आणि तिनं डोळे मिटून हात जोडले.

दस्तगीर माझ्या सीटमागं येऊन उभा राहिला होता. तो हसून म्हणाला, “वहिनींना चाँद दिसला बघ. आता सोडतील.”

“काय सोडतील?”

“अरे, उपास! सकाळी मी तुला न्यायला आलो, तवा चहासुद्धा घेतला न्हाई त्यांनी. बघितलं न्हाईस?”

मी बघितलं नव्हतं. मी खाली उतरलो. ती पुढं आली.

“आज सोमवार,” मी म्हणालो.

“व्हय.”

“म्हादेव सुट्टीवरनं आला?”

“आला.” तिनं पदर सारखा केला. “आजपासनं ड्यूटीवर.”

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. चार महिने चाक नव्हतं, चार महिने सोमवार नव्हता. “मालन,” मी म्हणालो, “ह्यो म्हादेवाचा उपास न्हाईच काय?”

ती इकडं तिकडं बघायला लागली. दस्तगीर हिशोबाची पेटी घेऊन शहाण्यासारखा लांब निघून गेला.

“तुमी पयल्यांदा चाक धरलं त्यो सोमवार हुता,” ती म्हणाली. “तुमी गेलासा आन् माझ्या घशाखाली घास उतरंना. दिसभर तशीच बसले. सांजंला तुमी आलासा तवा जेवले. पुढच्या सोमवारी म्हटलं, गेल्या सोमवारी खाल्लं न्हाई तर ह्ये नीट आले, आता खाऊन बघायची काय गरज? तसंच चालत आलं. म्हादेवाचं नाव सांगितलं म्हंजे कोन विचारत न्हाई.”

“एकोणतीस वर्षं?”

“मोजलंय कुणी?”

गाडीच्या पायरीवर मी बसलो आणि तिला शेजारी बसवलं. “आधी जेव,” मी म्हणालो.

तिनं पिशवीतून छोटा डबा काढला. उघडला. खिचडी! साबुदाण्याची, मूठभर.

“आगं!”

“माझ्यापुरती हाय. मला काय झालंय? तुमाला ह्ये आणलंय.” तिनं दुसरा डबा माझ्या हातात दिला. काकडी, दही, शेंगदाणे.

ती जेवायला लागली. मी बघत बसलो. काकडी हातात तशीच. चार घास झाल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं, मग डब्यात बघितलं, आणि दोन बोटांनी साबुदाण्याचा एक दाणा उचलून माझ्या तळहातावर ठेवला.

“एकच,” ती म्हणाली.

तो एक दाणा मी स्टँडवरचे दिवे लागेपर्यंत चघळला.

पुढं अकरा महिने पाटगावची गाडी चालवली आणि रिटायर झालो. हार पडले, भाषणं झाली, दस्तगीर माझ्या गळ्यात पडून रडला. त्यानंतरच्या सोमवारी मी बारा वाजता जेवायला बसलो. मालननं दोन ताटं वाढली. मेथी, अंडी, फ्लॉवरचा तो भात. आणि माझ्या शेजारी पाट ओढून बसली.

“म्हादेव?” मी विचारलं.

“त्यो बी रिटायर झाला,” ती म्हणाली आणि पहिला घास घेतला.